घरगुती कारणांमुळे

आमच्या कारखान्यात बदली कामगाराला कामावरून काढत नसत. त्याचं कार्ड काढून ठेवत. ते काढून ठेवायचं काम माझं होतं.

गेटमधून आत आलं की डाव्या हाताला टाइम ऑफिस. भिंतीवर लाकडी फळी, फळीला खाचा, प्रत्येक खाचेत एकेकाचं कार्ड. कामगार यायचा, आपलं कार्ड उचलायचा, घड्याळात घालून दांडा दाबायचा, आणि त्याचा दिवस सुरू व्हायचा. ज्याची खाच रिकामी, त्याला आज काम नाही. त्याला तसं कोणी सांगत नसे. चिठ्ठी नाही, सही नाही, शिक्का नाही. तो रिकाम्या खाचेकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा. मी वहीत मान घालायचो. तो जेवणाचा डबा तसाच घेऊन आल्या वाटेने परत जायचा. पंधरा-वीस दिवसांनी त्याला निरोप जायचा, उद्यापासून ये. मग नवं कार्ड आणि पुन्हा पहिला दिवस.

याला सगळे 'ब्रेक' म्हणत. कायदा असा होता की वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरलं की माणसाला सहजासहजी हाकलता येत नाही. तेव्हा दिवस भरूच द्यायचे नाहीत. कोणाचे दिवस भरत आलेत ते मस्टरवरून बघून मी यादी करायचो आणि पर्सोनेलच्या साहेबांच्या टेबलावर ठेवायचो. साहेब नावांपुढे बारीक टिकल्या करायचे. टिकल्या पेन्सिलीने असायच्या. काम झालं की यादी मागून घ्यायचे आणि माझ्यासमोर खोडरबराने स्वच्छ करायचे. हे मी तेव्हा शिस्त म्हणून पाहत होतो. साहेब टापटिपीचे आहेत, असं मी गावी पत्रात लिहिलंही होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने, रबाळ्याच्या पट्ट्यात, एकामागून एक कारखाने उभे राहिले होते. आमचा रंगाच्या पावडरींचा. मी आलो होतो देशावरच्या एका तालुक्याच्या गावाहून. वडील बाजार समितीत हमाल. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.कॉम. झालो तो अर्जांच्या जोरावर. दर जूनमध्ये फीमाफीसाठी हेडमास्तरांना नादारीचा अर्ज. मग वसतिगृहासाठी अर्ज, पुस्तकांसाठी अर्ज, परीक्षेच्या फीसाठी गावातल्या एका ट्रस्टला अर्ज. 'मी एक गरीब व होतकरू विद्यार्थी असून' इथून सुरुवात आणि 'आपले उपकार जन्मभर विसरणार नाही' हा शेवट. आमच्या मराठीच्या सरांनी हा मजकूर माझ्याकडून घोटून घेतला होता. सर म्हणायचे, अर्ज वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपण मोठे आहोत. मग तो मोठ्यासारखा वागतो. सरांचं खरं ठरलं. माझा एकही अर्ज नामंजूर झाला नाही. त्या सरांबद्दल मला आजही वाईट बोलवत नाही. त्यांनी मला दोरी दिली आणि मी वर आलो. पण त्या दोरीने मी दुसऱ्याला बांधलं, आणि ते सांगायला मी बसलो आहे.

मी ऐरोली गावात एका आगरी कुटुंबाच्या पडवीला लागून काढलेल्या खोलीत भाड्याने राहायचो. तिथून कारखाना पायी अर्ध्या तासावर. घरमालकांना मी काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला मावशी. मी कारकून, पण कॉलेज केलेला, म्हणून ती दोघं मला मास्तर म्हणायची. काकांची भाताची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली होती. मी पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा काकांनी विचारलं, "मास्तर, तुमी जेवता कुठं दुपारचे?"

"कंपनीच्या कॅन्टीनमध्ये."

"तिथं आमची मोठी खाचर होती. पाय जपून ठेवा, चिखल फार असायचा."

आणि ते खूप हसले. मीही हसलो. यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला वेळ लागला.

जमीन घेताना तोंडी शब्द दिला गेला होता की घरटी एकाला कारखान्यात काम मिळेल. काकांच्या मुलाला ते मिळालं, बदलीचं. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता, आठवी शिकलेला, पण मला दादा म्हणायचा. त्याला रंग वाळवण्याच्या खात्यात टाकलं होतं. तिथं कायम कामगार जायला तयार नसत. पिवळ्याची पाळी असली की तो पिवळा, लालची असली की लाल. साबणाने अंग निघायचं, नखं निघत नसत. त्याच्या लहान मुलीला वाटायचं की सगळ्यांच्या बापाची नखं पिवळीच असतात. सहा वर्षं तो त्या खात्यात होता. सहा वर्षांत त्याला किती ब्रेक मिळाले ते मला पाठ होतं, कारण कार्ड मीच काढायचो. संध्याकाळी त्याच्याच घरी जाऊन मावशीच्या हातची भाकरी खायचो. ब्रेक संपला की निरोपही मीच आणायचो. "उद्यापासून ये म्हणाले साहेब." मावशी लगेच म्हणायची, "मास्तर हाय म्हनून पोराला बोलवतात." मी ते खोडून काढत नसे.

एके दिवशी मी हिंमत करून साहेबांपाशी त्याचा विषय काढला. साहेब मराठीच होते, गोड बोलणारे. खुर्ची दिली, चहा मागवला.

"मुलगा चांगला आहे, मला माहिती आहे. त्याला म्हणावं अर्ज कर. मी वर शब्द टाकतो."

"कायम होण्यासाठी?"

"हो ना. पण अर्ज सौम्य असू दे. कंपनीला टोचेल असं काही नको. हे गावातले लोक फटकळ असतात, तूच लिहून दे. तुझी भाषा छान आहे."

मी हवेत चालत घरी गेलो. माझी भाषा छान आहे, हे मला माझ्या साहेबांनी सांगितलं होतं.

रविवारी सकाळी पडवीत बसून मी अर्ज लिहिला. काका समोर जाळं शिवत बसले होते. मावशी दाराच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मी मोठ्याने वाचून दाखवला: 'अर्जदार विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मी आपल्या कृपेने गेली सहा वर्षे आपल्या कारखान्यात बदली कामगार म्हणून काम करीत आहे. मध्यंतरी घरगुती कारणांमुळे माझ्या कामात वेळोवेळी खंड पडला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. तरी माझ्या गरीब परिस्थितीचा सहानुभूतीने विचार करून मला कायम करावे. आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही.'

शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलाने कागद माझ्या हातातून घेतला आणि बोट ठेवून पुन्हा वाचला.

"दादा, हे घरगुती कारन कुठलं?"

"ते ब्रेकचं."

"ब्रेक तर कंपनी देते. तुमीच कार्ड काढता."

"अरे, अर्जात तसं लिहायचं नसतं. समोरच्यावर दोष टाकला की तो चिडतो. आपण आपल्याकडे घ्यायचं."

"पन हे खोटं हाय ना."

"खोटं नाही रे, नम्र आहे."

काका जाळ्यातून मान न काढता म्हणाले, "घरगुती कारन म्हंजे काय सांगशील कोनी इचारलं तर? बायको मारते सांग." मुलगा हसला, पण कागद त्याने खाली ठेवला नाही. तो त्या एका ओळीवर अडून होता. आठवी शिकलेल्या माणसाला त्यातली खोच दिसत होती. बी.कॉम. झालेल्याला दिसत नव्हती. की दिसत होती आणि मी ती झाकत होतो? कंपनीला टोचेल असं काही नको, हे साहेबांचं वाक्य माझ्या डोक्यात होतं. मी त्यांना खूश करायला निघालो होतो, आणि ते मी त्या मुलाच्या भल्यासाठी करतोय असं स्वतःला सांगत होतो.

शेवटी मावशी म्हणाली, "मास्तर बोलतो तर कर सही. तो शिकलेला हाय."

त्याने सही केली.

पुढचे तीन महिने अर्जाचं काही झालं नाही. मग यादीत त्याच्या नावापुढे टिकली आली. मी साहेबांना विचारलं, त्यांनी डोळे मिटून मान हलवली, म्हणजे काळजी करू नकोस. मी कार्ड काढलं. पंधरा दिवस गेले, वीस गेले, दीड महिना गेला. निरोप आला नाही. साहेबांना पुन्हा विचारलं तर म्हणाले, "ऑर्डर कमी आहेत सध्या." त्याच आठवड्यात वाळवण खात्यात दोन नवे बदली घेतले. त्यांची कार्डं मीच लिहिली.

एकदा अर्ज केलेला माणूस ठेवायचा नाही, हा तिथला नियम होता. कायम करा म्हणून अर्ज केला, म्हणजे या माणसाच्या डोक्यात कायम होणं शिरलं. असा माणूस धोक्याचा. आणि अर्ज करायला सांगायचं ते त्याच्या डोक्यात शिरलंय का हे बघायला. हे मला पुढे जुन्या हेडक्लार्ककडून कळलं. तो पान खात सहज म्हणाला, "अर्ज मागवतात तो फायलीला लावायला रे बाबा. वाचायला नाही."

काकांचा मुलगा ठाण्याला एका युनियनवाल्याकडे गेला. आमच्या कारखान्यातली युनियन बदलीवाल्यांना दारात उभं करत नव्हती, म्हणून बाहेरचा गाठावा लागला. त्या युनियनवाल्याने कामगार खात्याच्या कचेरीत तक्रार घातली, आणि तडजोडीच्या बैठकीची तारीख लागली. मुलाने घरी सांगितलं, "दोनशेचाळीस दिवस दर वर्षी मुद्दाम तोडलेत, हेच सांगायचं हाय. साधी गोष्ट हाय." जमीन गेली होती, मिठागरातलं कामही आता मिळत नव्हतं, खाडीत मासळी पहिल्यासारखी नव्हती. घरात पगार आणणारा तो एकटाच. नोकरी परत मिळाली नाही तर पुढे काय, हा प्रश्न त्या घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हतं.

बैठकीला कंपनीतर्फे वकील गेला, आणि मस्टरची बाडं उचलून मी गेलो. साहेबांनी मला मुद्दाम पाठवलं. कचेरीच्या बाहेर बाकावर काका बसले होते, धुतलेला सदरा घालून. मला बघून त्यांना बरं वाटलं. "मास्तर आत हायेत, आता काय भ्या नाय," ते मुलाला म्हणाले. मी कंपनीच्या बाजूने आत चाललोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही, की आलं तरी त्यांनी ते मनावर घेतलं नाही, मला ठाऊक नाही.

युनियनवाला पाच-दहा मिनिटं जोरात बोलला. दर वर्षी ब्रेक, नियम चुकवण्यासाठी ब्रेक. कामगार खात्याचे अधिकारी ऐकत होते. मग वकिलाने फाइल उघडली आणि एक कागद काढून टेबलावर ठेवला. मी दुरूनच माझं अक्षर ओळखलं.

अधिकाऱ्यांनी कागद वाचला. मुलाला विचारलं, "हा अर्ज तुमचा?"

"हो."

"सही तुमची?"

"माझीच."

"वाचून केलीत?"

त्याने माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. त्याने एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं की हा अर्ज समोर बसलेल्या माणसाने लिहिला आणि कार्डंही तोच काढतो. तो म्हणाला, "वाचून केली."

"मग घरगुती कारणं कोणती होती? तुम्हीच लिहिलंय, खंड घरगुती कारणांनी पडला."

वकील खिडकीबाहेर बघत होता, त्याला घाई नव्हती.

"सांगा ना. लिहून घ्यायचंय."

"आई आजारी असायची," तो म्हणाला.

मावशी त्या वेळी ऐरोलीच्या खाडीकाठी गुडघाभर चिखलात निवट्या मासे धरत असणार. ती माझ्या माहितीत एक दिवसही आजारी पडली नव्हती. माझी नोकरी वाचवायला तिच्या मुलाने तिला आजारी पाडलं. मी मस्टरवर हात ठेवून बसलो होतो.

बाहेर आल्यावर युनियनवाला त्याच्यावर खेकसला. "हा अर्ज कुठल्या गाढवाने लिहून दिला तुला? आपल्या हाताने आपला गळा कापलास."

"होता एक शिकलेला मानूस," तो म्हणाला. मी चार पावलांवर उभा होतो.

त्या संध्याकाळी त्या घरात मला कोणी काही बोललं नाही. मावशीने नेहमीसारखी भाकरी वाढली, वर सुक्या जवळ्याची चटणी. मला वाटत होतं त्यांनी भांडावं, खोली रिकामी करायला सांगावी. काका एवढंच म्हणाले, "तुमी चांगल्यासाठीच लिवलं होतं." त्या वाक्याने मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता. तो काकांवर नव्हता. तो त्या सगळ्या वर्षांवर होता ज्यांत मला चांगलं वागायला शिकवलं गेलं. कोणी माझ्याकडून चोरी करवली नव्हती, मारामारी करवली नव्हती. मला फक्त अदबीने लिहायला शिकवलं, आणि तेवढ्याने काम भागलं. ज्यांच्याकडे सत्ता असते त्यांना गुंड ठेवायची गरज नेहमीच पडत नाही. टेबलापलीकडच्या माणसाचे दोष स्वतःच्या नावावर लिहून देणारा एक आभारी कारकून त्यांना पुरतो. तो फुकट मिळतो, आणि वर त्यांना पत्राने धन्यवादही कळवतो.

दुसरी तारीख तीन आठवड्यांनी होती. पुन्हा मीच मस्टर घेऊन गेलो. वकिलाने सांगितलं की अर्जात सगळं आलेलंच आहे, प्रकरण बंद करावं. अधिकारी लिहायला लागले. मी उभा राहिलो.

"साहेब, मला सांगायचंय."

"तुम्ही कंपनीतर्फे आलात ना?"

"हो. तो अर्ज मी लिहिलाय. अक्षर ताडून बघा, या मस्टरमध्ये माझंच अक्षर आहे. घरगुती कारण काही नव्हतं. दिवस भरत आले की त्याचं कार्ड फळीवरून मी काढायचो. मला तसं सांगितलं जायचं."

"कोण सांगायचं?"

मी सांगितलं. वकील म्हणाला, हा माणूस तक्रारदाराच्या घरात भाड्याने राहतो, यांचं संगनमत आहे. ते खरंच होतं, मी त्यांच्या घरात राहत होतो. अधिकाऱ्यांनी माझं म्हणणं चार ओळींत लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी खुर्ची दिली. चहा मागवला.

"मला दुःख झालं," ते म्हणाले. "राग नाही आला, दुःख झालं. मी तुला परका मानला नव्हता." त्यांनी खण उघडला आणि एक पोस्टकार्ड काढलं. माझ्या वडिलांचं होतं. त्यांना लिहिता येत नव्हतं, समितीतल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'माझ्या पोराला आपण पदरात घेतले, आपले उपकार जन्मभर विसरणार नाही.' मला हे पत्र ठाऊक नव्हतं. साहेबांनी ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

"त्या माणसाला मी काय कळवू, सांग. तूच सांग."

मी पोस्टकार्डावरच्या त्या अनोळखी अक्षराकडे बघत राहिलो. माझ्या बापाने आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली. त्याने कोणाचं काही बुडवलं नव्हतं. त्याचं आभाराचं पत्र या माणसाने खणात ठेवलं होतं, वेळ आली की माझ्यासमोर धरायला.

"तुला मी काढणार नाही," साहेब म्हणाले. "स्टोअरमध्ये जा उद्यापासून. टाइम ऑफिसला आता तुझी गरज नाही." मग जणू आत्ताच सुचलं तसं म्हणाले, "आणि त्या मुलाला निरोप दे. प्रकरण मागे घेऊ दे, आणि एक नवा अर्ज देऊ दे. झाल्या गोष्टीबद्दल दिलगिरी, आणि नव्याने कामावर घ्यावं अशी विनंती. मी त्याला कायम करतो. पहिल्या तारखेपासून. मागचं सगळं सोडायचं."

माझे चार शब्द कागदावर आले होते आणि प्रकरण कोर्टात गेलं तर ते वाचले जाणार होते. त्याचीच ही किंमत होती. पण ती साहेबांनी अशी दिली की देणगी वाटावी.

मी घरी जाऊन सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "हे घेऊ नका. सहा वर्षं पुसली जातील. सेवाज्येष्ठता जाईल, मागचे सगळे हक्क जातील. त्यांना भीती वाटलीय, म्हणून देतायत. आता लढलात तर जिंकाल."

काकांनी विचारलं, "किती वर्सं लागतील?"

"चार-पाच. कदाचित जास्त."

मुलगा आपल्या नखांकडे बघत होता. कामावर नसल्याने ती जवळजवळ स्वच्छ झाली होती.

"लिवा दादा," तो म्हणाला.

"मी नाही लिहिणार. तुला कळत नाही का, तुझ्याकडून माफी मागून घेतायत. कशाची माफी? तू काय केलंस?"

"मना कलतं," तो शांतपणे म्हणाला. "पयल्या वेलेलाबी कलत होतं, तवा तुमी ऐकलं नाय. आता मी बोलतो ते ऐका. राग तुमचा हाय, तो तुमच्यापाशी ठेवा. नोकरी माझी हाय."

मावशी आतून म्हणाली, "भांडू नका रं. लिही बाबा मास्तर. पोरीला शालेत घालायचंय."

मला त्याला हाताला धरून हलवावंसं वाटलं. मग लक्षात आलं की मी स्टोअरमध्ये का होईना, पगारावर होतो. माझ्या रागाला पगाराचा टेकू होता, त्याच्या रागाला कसलाच नव्हता. मी पॅड घेतलं आणि लिहिलं. तो शेजारी बसून बघत होता. मी मुद्दाम कोरडं लिहिलं, तर म्हणाला, "असं नको. उपकाराचं लिवा खाली. त्याशिवाय ते घेनार नाय." त्याच्या सांगण्यावरून मी ते लिहिलं. माझ्याहून त्याला ते जास्त चांगलं येत होतं आता.

पहिल्या तारखेला तो कायम झाला. वाळवण खात्यातच. सहा वर्षं पिवळ्या-लाल पावडरीत घालवलेला माणूस कागदावर त्या दिवशी कारखान्यात पहिल्यांदा आला. त्याच्यानंतर लागलेले, मागच्या वर्षांत त्याने काम शिकवलेले दोघे ज्येष्ठतेच्या यादीत त्याच्या वर गेले.

त्या दिवशी दुपारी काका कारखान्यात आले. त्यांना गेटवर कोणी अडवलं नाही, साहेबांनी सांगून ठेवलं होतं. ते पेढ्यांचा पुडा घेऊन पर्सोनेलला गेले आणि तिथून स्टोअरमध्ये माझ्याकडे आले. पुड्यात वरचे दोन-तीन पेढे कमी होते.

"पयला साहेबाला दिला," ते म्हणाले. "पायाला हात लावला त्याच्या. देवमानूस हाय तो. त्याच्या मनात आलं म्हनून झालं."

मला म्हणायचं होतं की काका, त्याच्या मनात काही आलं नव्हतं. हे तुमचंच होतं, तुमच्या जमिनीवर, तुमच्या पोराच्या सहा वर्षांचं, आणि त्याने त्यातलं निम्मं स्वतःकडे ठेवून निम्मं तुम्हाला दिलं. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. काकांनी पुडा पुढे केला होता. धुतलेला सदरा, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी आलेलं हसू.

"घ्या मास्तर. तुमचाबी हात हाय यात."

मी पेढा घेऊन तोंडात टाकला. तो गिळता येईना, आणि मी गिळेपर्यंत काका समोरून हलायला तयार नव्हते.